मुठीचं माप

४ जानेवारी

आज सकाळी लेथचा पट्टा बदलला. जुना दोन ठिकाणी चिरला होता. दुपारपर्यंत आबनुसाच्या चार मुठी कातल्या. एकीत आतून भेग निघाली, ती बाजूला टाकली. नंतर पुठ्ठेवाला आला. त्याच्या सुरीची मूठ सैल झाली होती. ती बसवून होईपर्यंत तो स्टुलावर बसला आणि बोलता बोलता म्हणाला, तुझा पत्ता त्याच्याकडे आहे.

मी मागितला नव्हता. त्यानेच सँडपेपरच्या तुकड्यामागे लिहून दिला.

म्हणून हे पत्र. धाकटे, माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडता टाकलंस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण टाकलंस तर ते वाचणार कशी? राहू दे.

मी बरा आहे. कातकाम चालू आहे. पटाश्यांच्या, टोच्यांच्या, कोरायच्या सुऱ्यांच्या मुठी लोक अजून हाताने केलेल्या मागतात. लाकूड मिळायला वेळ लागतो, ॲक्रिलिकचे ठोकळे लगेच मिळतात. तुझी भाची आठवड्यातून एकदा फोन करते, बाबा जेवलात ना, विचारते. तिचं ठीक आहे.

तुझी ताई जाऊन चौदा महिने झाले. शेवटी शेवटी तिच्या घशात नळी होती, तिला बोलता येत नव्हतं. त्यामुळे कुणासाठी काही निरोप वगैरे नाही. तुला ते विचारायचं राहिलं असेल, म्हणून लिहितो.

पुठ्ठेवाला म्हणाला, तू पुस्तकांचं बाइंडिंग सोडलंस. औषधांच्या गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या डकवतेस. "एवढा सरळ टाका घालणारी बाई," तो म्हणाला, "तिनं असं का केलं हो?" मी म्हटलं, "असेल काही." आणि सुरीची धार बघितल्यासारखं केलं.

पुठ्ठ्याला भोकं पाडायचे तुझे सहा टोचे माझ्याकडे राहिले होते. त्यांना नव्या मुठी बसवून ठेवल्या आहेत. ऑलिव्हच्या लाकडाच्या, हलक्या. सांगशील तिथे पाठवतो. उत्तराची घाई नाही.

भाऊजी


२१ जानेवारी

तुझं कार्ड काल आलं. आज दिवसभर खिशात होतं. कारखान्यातली धूळ लागून त्याचा एक कोपरा तांबडा झाला आहे. सध्या पदौकाचं लाकूड कातत आहे, त्याची धूळ विटेसारखी असते.

तू लिहिलंस, "मुठी दुसऱ्या कुणाला द्या. त्या दिवशी मी ताईला बोलावलं नसतं तर ती आज असती. मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, भाचीने तर तोंडावर सांगितलं. टोचा हातात घेतला की मला जिना दिसतो. तब्येतीला जपा."

तब्येतीला जपा हे मी तीनदा वाचलं.

लोक विचारतात तेव्हा मी एक ठरलेली हकीकत सांगतो. दोघी बहिणींचं बाइंडिंगचं दुकान होतं. धाकटीने वरच्या मजल्यावरची मोठी खोली घेतली. जिना लोखंडी, अरुंद. एका ग्रंथालयाची पुस्तकं त्याच दिवशी द्यायची होती, म्हणून थोरलीला घरून बोलावून घेतलं. ती पुठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन चढत होती. पाय घसरला. मानेला लागलं. अकरा दिवस होती. एवढं सांगितलं की लोक "अरेरे" म्हणतात, आणि त्यापुढे विचारत नाहीत. मलाही त्यांनी तेवढ्यावर थांबलेलं बरं वाटतं.

आज हे लिहायला बसलो तेव्हा वेगळंच लिहायचं होतं. तुला आठवत असेल, मोठ्या कामाची मूठ करताना मी गिऱ्हाइकाचा हात कसा मापतो. मळलेल्या मातीचा गोळा त्याच्या हातात द्यायचा. डोळे मिटून नेहमीसारखा धरायला सांगायचा, आणि दहा आकडे म्हणेपर्यंत दाबायला. मग त्या गोळ्यावर सगळं दिसतं. अंगठा कुठे टेकतो, करंगळी काम करते की नुसती सोबतीला आहे, जोर किती आहे. त्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापायचा, त्यावर तारीख आणि जाडी लिहायची. साचे मी टाकत नाही. भिंतीवर खिळ्यांना अडकवून ठेवतो. गिऱ्हाईक पाच वर्षांनी आलं तरी त्याची मूठ मला परत करता येते.

ताईच्या नावाच्या खिळ्याला पाच साचे आहेत.

लाइट गेले आहेत. पुन्हा लिहितो.

भाऊजी


६ फेब्रुवारी

लाइट गेले नव्हते.

आज कामाला सुटी घेतली आहे. दार लावून बाकावर बसलो आहे. ताईचे पाचही साचे समोर आहेत, ते बघून लिहितो म्हणजे तारखा चुकणार नाहीत.

पहिला साचा चोवीस मिलिमीटरचा. ही तिची मूळची मूठ. लग्नानंतर लगेच केलेली, शिसवीची. ती तिने वीस वर्षं वापरली. दुसरा सव्वीसचा, अपघाताच्या पाच वर्षं आधीचा. मला तो दिवस आठवतो. ती दुपारचा डबा घेऊन आली होती.

"अहो, टोच्याची मूठ जरा भरीव करून द्या."

"का, हाताला काय झालं?"

"हाताला काय व्हायचंय? तुमच्या मुठीच हल्ली उपाशी दिसतात."

मी हसलो आणि करून दिली. त्यात काही वावगं नव्हतं. वय झालं की लोक जाड मूठ मागतात.

तिसरा एकोणतीसचा. पुढच्याच वर्षीचा. या वेळी तिने लाकूड नको म्हटलं.

"काळं आबनूस नको, तांबूस शिसवी नको. लाल द्या. ॲक्रिलिकमध्ये येतं ना, तसं. लांबून दिसेल असं लाल."

"या वयात रंगाची हौस?"

"आहे हौस. तुमचं काय जातंय, कातायचं काम."

मी कातली. ॲक्रिलिक कातताना लांब लांब फिती निघतात आणि अंगाला चिकटतात. घरी गेलो तेव्हा माझ्या शर्टाला, केसांना लाल फिती होत्या. ती म्हणाली, "वरातीतून आलात का?" आणि खूप हसली. त्यानंतर महिनाभराने मी तुमच्या दुकानावरून जात होतो. दारातून बघितलं तर ताई टेबलाखाली गुडघ्यावर होती. तुझा आवाज आला, "ताई, तुझ्या हाताला भोकं पडलीत का? सकाळपासून तिसऱ्यांदा!" ती लाल मूठ उंच धरून उठली आणि म्हणाली, "सापडला गं बाई." तुम्ही दोघी हसलात. तुला तो वेंधळेपणा वाटला. वेंधळेपणाच वाटावा अशा बेताने ती हसायची, त्यामुळे तुझा काही दोष नाही.

मी मात्र बाहेर उभा होतो आणि मला कळलं, तिला लाल रंग कशासाठी हवा होता.

मी आत आलो नाही. तसाच पुढे गेलो.

चौथा साचा तेहेतीसचा. या वेळी मीच तिला म्हटलं, माप नीट घेऊ. मातीचा गोळा दिला. तिने दहापर्यंत दाबला. आधीच्या वेळी बोटांच्या मधून माती वर आली होती. या वेळी बोटं कुठे होती तेवढंच दिसत होतं. मी म्हटलं, "आता डाव्या हाताने." तिने दाबला. डाव्याचे खळगे नखाएवढे खोल.

दोन्ही गोळे बाकावर शेजारी शेजारी होते. ती बघत होती, मीही बघत होतो. मग तिने उजव्या हाताचा गोळा उचलला, डाव्या हाताच्या अंगठ्याने एकेक खळगा नीट खोल केला, आणि माझ्यापुढे ठेवला.

"हं. आता घ्या माप."

धाकटे, मी घेतलं. व्हर्नियर लावला, साचा कापला, तारीख लिहिली. खरं माप मी मघाशीच डोळ्यांत धरलं होतं, साचा कापला तो आणि मूठ कातली ती त्याच मापाची. तिलाही ते माहीत होतं.

निघताना दारात म्हणाली, "धाकटीच्या कानावर घालू नका. ती मला गोंद ढवळायला बसवेल."

"डॉक्टरला दाखवू या का?"

"दाखवू. एवढी ग्रंथालयाची पुस्तकं होऊ देत."

मी एकदा विचारलं ते एवढंच. ग्रंथालयाची पुस्तकं झाली, मग दुसरी आली. तिने विषय काढला नाही. मीही नाही.

शेवटचा साचा अडतीसचा. अपघाताच्या सात महिने आधीचा. तो मी फार मन लावून केला. पदौक, मधे ॲक्रिलिकचे दोन पट्टे, अंगठ्याला बसेल असा खळगा, घसरू नये म्हणून बारीक खाचा. बोटं न वळवता नुसत्या तळव्याने ढकलता येईल अशी मूठ होती ती. मला तिचा अभिमान वाटत होता, हेही लिहितो. ती मूठ बघून दुसऱ्या गिऱ्हाइकांनी तशी मागितली. त्यात एक म्हातारे शिंपी होते. त्यांच्या हातात मी मातीचा गोळा दिला. खळगे उथळ आले.

मी त्यांना काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "काका, मूठ मी करतो, पण आधी डॉक्टरला दाखवा. असं अंगावर काढू नका. नसांचं काही असलं तर वेळेत कळलेलं बरं."

"मेहुणे वैद्य आहेत वाटतं तुमचे?" ते म्हणाले.

"नाही, अनुभव आहे."

त्याच संध्याकाळी ताई माझ्यासमोर जेवायला बसली. डाव्या हाताने. मी पाणी वाढलं.

मला वाटायचं, मी तिला मदत करतो आहे. प्रत्येक मूठ दिली की ती पुन्हा वर्षभर टाके घालायची, सरळ, एकसारखे. तिला माझी गरज लागत होती तेही मला आवडत होतं. मी चांगल्या मुठी केल्या नसत्या तर तिला दोन वर्षांतच टोचा धरता आला नसता. मग ती डॉक्टरकडे गेली असती. तिला जावंच लागलं असतं.

दवाखान्यात पहिल्या दिवशी चष्मा लावलेल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "आधी हातात काही त्रास होता? वस्तू पडणं, मुंग्या येणं?" तू माझ्या डावीकडे होतीस, भाची उजवीकडे. मी म्हटलं, "नाही. ठणठणीत होती."

ऑपरेशननंतर मोठ्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. उजेडावर फिल्म लावली. म्हणाले, "हे आजचं दुखणं नाही. मानेत मज्जारज्जू कित्येक वर्षं दबत आलाय. हाताची ताकद गेली असणार, चालणंही डळमळीत झालं असणार. दोन-तीन वर्षांपूर्वी आला असतात तर..." त्यांनी फिल्म उतरवली. म्हणाले, "अशा माणसाला साधं पडणंही भारी पडतं."

मी फिल्म बघून बाहेर आलो तेव्हा भाची तुला विचारत होती, "मावशी, तुला चार दिवस थांबता आलं नाही? तिला त्या जिन्यावर हमालासारखी चढवलीस?" तू माझ्याकडे बघितलंस. मी काही बोललो नाही.

हे सगळं एवढंच आहे. तुझ्या जिन्याच्या आधी चार वर्षं मला माहीत होतं. ते या भिंतीवर खिळ्याला लटकत होतं.


१० फेब्रुवारी

वरचं पत्र चार दिवस लेथच्या खणात होतं. रोज टपालाच्या पेटीपर्यंत जाऊन आलो. एक दिवस पाकीट विसरून गेलो, एक दिवस पाऊस होता, असं काहीतरी. आज टाकतो.

सोबत पाचही साचे ठेवले आहेत. तू बाइंडर आहेस, पुठ्ठा किती जुना आहे ते तुला हात लावून कळेल. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही.


२ मार्च

तुझं पत्र पोचलं. साचेही परत पोचले. मला वाटलं होतं तू खूप लिहिशील, शिव्या देशील. तू एकच वाक्य लिहिलंस: "भाचीला सांगितलंत का?"

नाही.

तिला नवीन नोकरी लागली आहे. पहिले काही महिने तिथे ताण असतो. तिच्या नवऱ्याची फिरती चालू आहे, ती घरी एकटीच असते. शिवाय अशा गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. मागच्या रविवारी ती येणार होती, आली नाही.

हे सगळं लिहून परत वाचलं. भाची आजारी पडली असती तरी तिला डॉक्टरकडे न नेण्याची हीच कारणं मी सांगितली असती.

खरं कारण एकच. आई गेल्यापासून ती माझ्याशी फार चांगली वागते. दर आठवड्याला विचारते, "बाबा, जेवलात ना? खोकला कमी आहे ना? मास्क लावून कातता ना?" ती माझ्यावर चिडायची सगळी चीड तुझ्यावर काढून मोकळी झाली आहे. माझ्या वाट्याला नुसती माया आली. ती मला सोडवत नाही.

साचे तू परत का पाठवलेस ते आता कळलं.

भाऊजी


१६ मार्च

काल तिला बोलावून घेतलं. फोनवर म्हणालो, कारखान्यावर ये, घरी नको. ती सकाळी दहाला आली. मी बाक पुसून त्यावर साचे ओळीने मांडले होते.

"बाबा, हे काय मांडलंय? दुकान आवरताय का?"

"बस."

"कुठे बसू? सगळीकडे भुसा आहे."

मी स्टूल पुसून दिलं. ती बसली. मी बोलायला सुरुवात करणार तोच तिने पहिला साचा उचलला. तुला माहीत आहे, ती लहानपणी या साच्यांशी खेळायची, कुठला साचा कुणाचा ते ओळखायची. तिला सांगावं लागलं नाही.

"ही आईची."

"हो."

"हीपण?"

"पाचही."

तिने पाचही एकमेकांवर ठेवले. कडा जुळवल्या. तुझ्या हाताखाली राहिलेली आहे, कडा जुळवल्याशिवाय तिला काही बघता येत नाही. खालच्या साच्याबाहेर वरचा केवढा तरी येत होता. मग मागच्या तारखा वाचल्या.

"ही तर माझ्या लग्नाआधीची आहे."

"हो."

"लग्नाच्या दिवशी माझ्या केसांना पिना लावायला आईने मावशीला सांगितलं होतं. स्वतः मागे उभी राहिली. मला वाटलं, तिला रडू येतंय म्हणून."

मी तिला मातीच्या गोळ्यांचं सांगितलं. लाल मुठीचं सांगितलं. डॉक्टरांनी फिल्म लावून काय सांगितलं तेही.  सगळं झाल्यावर तिने विचारलं, "कॉरिडॉरमध्ये मी मावशीला काय बोलले, ते तुम्ही ऐकलं होतं?"

"हो."

"कुठे होतात?"

"दारातच."

"काय करत होतात?"

"भिंतीवरची पाटी वाचत होतो."

"काय होतं पाटीवर?"

"शांतता राखा."

ती हसली. तसं हसू मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं, पुन्हा बघायला नको.

"तुम्ही मला मावशीच्या अंगावर सोडलंत, बाबा. आणि वर सोळा महिने मी तुम्हाला विचारतेय, जेवलात ना, जेवलात ना."

 मी म्हटलं, "चहा घेशील?" हे असंच तोंडातून निघालं.

"मावशीचा पत्ता द्या."

सँडपेपरचा तुकडा दिला. ती उठली, मागची धूळ झटकली. दारात थांबून म्हणाली, "मी फोन करेन तेव्हा करेन. तुम्ही करू नका." मग परत आत आली, शेल्फावरचा मास्क घेऊन लेथवर ठेवला, आणि गेली.

धाकटे, ती तुझ्याकडे कुठल्या दिवशी येईल ते मला सांगितलेलं नाही. तिला दारातून परत पाठवू नकोस एवढं लिहिण्याचाही मला हक्क नाही. तरी लिहितो.

भाऊजी


३० मार्च

तुझं पत्र आलं. भाची दोन दिवस राहून गेली, हे वाचलं. तुम्ही काय बोललात ते तू लिहिलं नाहीस, मी विचारत नाही. टोचा पुन्हा हातात घेतलास की नाही तेही विचारत नाही. यापुढे पत्र नको म्हणालीस, ते बरोबर आहे. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, असं लिहिलंस: "भाची म्हणते, आईच्या घशात नळी पाचव्या दिवशी घातली. मग आधीचे चार दिवस ताई बोलत होती. माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, काही निरोप नाही. ते खोटं होतं. नंतर एवढं सगळं लिहिलं तरी हे तेवढं मागे ठेवलं. मुठींचं सांगणं त्या मानाने सोपं होतं. ते तिचं-माझं दोघांचं होतं. हे तुझं होतं, आणि मी ते स्वतःकडे ठेवून घेतलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती नीट जागी होती. मान हलवता येत नव्हती, छताकडे बघत बोलत होती.

"धाकटी बाहेर आहे ना?"

"आहे."

"तिला आत बोलवा."

"एकाच माणसाला सोडतात," मी म्हटलं. हेही खोटं. त्या सकाळी नर्सने कुणाला अडवलं नसतं.

"मग तुम्ही सांगा तिला. म्हणावं, मी कठडा धरला होता. पाय नाही घसरला, माझा हात सुटला. जिन्याला नावं ठेवू नकोस म्हणावं. मीच हट्टाने गठ्ठा उचलला, ती नको म्हणत होती."

"सांगतो."

"आणि म्हणावं, गठ्ठ्यातले वरचे दोन पुठ्ठे दुमडलेत. ते पुस्तकाला लावू नकोस, वहीला लाव."

"सांगतो."

"विसराल."

"नाही विसरणार."

विसरलो नाही. शब्द न शब्द तिचा आहे, मी एकही घातलेला नाही.

मी बाहेर आलो. तू बाकावर थर्मास मांडीवर घेऊन बसली होतीस. चार दिवस तेच कपडे होते तुझ्या अंगावर. तू उठून विचारलंस, "काय म्हणाली?" भाची खिडकीशी होती, तिनेही मान वळवली. "हात सुटला" असं मी म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, हात कसा सुटला, हाताला काय झालं होतं, कधीपासून. मी म्हटलं, "झोपली आहे."

तू म्हणालीस, "बरं. झोपू दे."

दुसऱ्या दिवशी नळी घातली.

एवढं होतं. आता माझ्याकडे तुझं काही नाही. टोचे वेगळ्या पार्सलने पाठवले आहेत. मुठी मी काढून घेतल्या आहेत, नुसती लोखंडी टोकं आहेत. मूठ तुला हवी तर हवी त्या माणसाकडून करून घे. माझ्याकडूनच घ्यावी असं काही नाही.

भाचीचा फोन आलेला नाही. मी केलेला नाही.

आज कारखाना बंद ठेवला. सकाळी घर झाडलं, कपडे धुतले. पलंगावरची मोठी चादर भिजवली होती. ती पिळायला दोन माणसं लागतात, एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं. मी एक टोक मोरीतल्या नळाभोवती गुंडाळलं, दुसरं धरून मागे मागे दारापर्यंत आलो आणि पीळ घालत गेलो. बरंच पाणी निघालं. मग गॅलरीत नेऊन दोरीवर टाकली, दोन्ही बाजूंनी ओढून सरळ केली, आणि चार चिमटे लावले.